तेलात बुडालेला बेल्ट: फोर्ड पुमाच्या १.० इकोबूस्ट हायब्रिड इंजिनाचे प्रकरण

समोरची परिस्थिती अशी. ब्रिटनमध्ये एक वापरलेली फोर्ड पुमा विक्रीला आहे. २०२० चे मॉडेल, १.० लिटर इकोबूस्ट हायब्रिड, १२५ पीएस, सहा गिअरची मॅन्युअल, फिरणे ६२,००० मैल म्हणजे साधारण एक लाख किलोमीटर. सर्व्हिसच्या नोंदी आहेत, पण मधली एक सर्व्हिस जवळजवळ दोन वर्षांच्या अंतराने झालेली. दोन तक्रारी आहेत. पहिली, सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होत नाही आणि डॅशबोर्डवर स्टार्ट-स्टॉप उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. दुसरी, थंडीत सकाळी सुरू केल्यावर तेलाचा लाल दिवा एरवीपेक्षा दोन-तीन सेकंद उशिरा विझतो. विकणारा म्हणतो, "हायब्रिड सिस्टिमचं काहीतरी आहे, बाकी इंजिन ठणठणीत."

हे एका विशिष्ट गाडीचे वर्णन नाही. या इंजिनाबाबत वारंवार दिसणाऱ्या तक्रारी एका गाडीत एकत्र मांडल्या आहेत. पुमा ही २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक विकली गेलेली नवी गाडी. त्यामुळे तिथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ती भरपूर आहे, आणि तिथे नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या यादीतही ती हमखास असते. अशा गाडीसमोर उभे राहिलेल्या माणसाला नेमके काय पाहायचे हे कळले पाहिजे, कारण विकणाऱ्याच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग बहुधा खरा आणि स्वस्तात सुटणारा असतो. खरा पैसा अडकतो तो "इंजिन ठणठणीत" या दुसऱ्या अर्ध्या भागात.

इंजिन कुठून आले

१.० इकोबूस्ट हे ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. इंग्लंडमधल्या डंटन इथल्या फोर्डच्या केंद्रात ते घडले आणि २०१२ मध्ये फोकसमध्ये रस्त्यावर आले. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, कारण लोखंड अ‍ॅल्युमिनियमपेक्षा लवकर तापते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला. तीन सिलिंडरची थरथर मारायला वेगळा बॅलन्सर शाफ्ट न लावता फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असमतोल ठेवलेली. ब्लॉकचा तळ ए-४ कागदावर मावतो असे फोर्ड अभिमानाने सांगत असे, आणि पहिल्या पिढीचा छोटा टर्बो मिनिटाला २,४८,००० फेऱ्यांपर्यंत फिरतो. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे हे इंजिन 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' ठरले. अभियांत्रिकी म्हणून ते कौतुक रास्तच होते.

पण त्याच अभियांत्रिकीत एक निर्णय असा होता, ज्याची किंमत पुढे मालकांनी मोजली. वाल्व उघडणारा कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी रबरी बेल्ट घेतला आणि तो कोरडा न ठेवता इंजिनाच्या तेलातच चालवला. ऑइल पंप फिरवायलाही तसाच दुसरा, आखूड बेल्ट. तेलातला बेल्ट कमी आवाज करतो, घर्षण कमी होते, इंजिनाची लांबी वाचते. बदलायची मुदत छापली ती १० वर्षे किंवा १,५०,००० मैल, म्हणजे सुमारे २,४०,००० किलोमीटर. अट एकच होती: तेल अचूक हवे आणि वेळेवर बदललेले हवे. प्रत्यक्षात ही अट पाळली जाणे हीच सगळ्यात अवघड गोष्ट ठरली.

पुढच्या पिढीत फोर्डने कॅमचा बेल्ट काढून साखळी बसवली. पुमातले माइल्ड हायब्रिड (विजेची मोटर फक्त मदतीला असलेले) इंजिन याच साखळीच्या पिढीतले. म्हणून जाहिरातीत "टायमिंग चेन आहे, काळजी नको" असे वाक्य दिसते. ते खरे आहे आणि तरी अपुरे आहे. ऑइल पंप अजूनही तेलातल्या बेल्टवरच चालतो. साखळी पाहून निर्धास्त झालेला गिऱ्हाईक नेमका याच ठिकाणी फसतो. कॅमची साखळी शाबूत राहून उपयोग नाही, जर तिला, टर्बोला आणि क्रँकच्या बेअरिंगना तेल पोचवणारा पंपच थांबला.

विजेचा भाग: दिसायला गूढ, वागायला साधा

माइल्ड हायब्रिडमध्ये गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी ११.५ किलोवॉटचा स्टार्टर-जनरेटर बसवला आहे. तो बाहेरच्या अ‍ॅक्सेसरी बेल्टने क्रँकच्या पुलीला जोडलेला. (हा बेल्ट कोरडा आणि बाहेरून दिसणारा, ऑइल पंपाच्या बेल्टशी त्याचा संबंध नाही. दोघांची गल्लत गॅरेजच्या बिलातसुद्धा होते.) सोबत ४८ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची हवेने थंड होणारी लिथियम-आयन बॅटरी, आणि ४८ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. दिवे, रेडिओ, कंट्रोल युनिट हे सगळे पूर्वीसारखे १२ व्होल्टवरच.

आकडे मांडले की या व्यवस्थेचा आवाका कळतो. ४८ गुणिले १० म्हणजे ४८० वॉट-अवर, जेमतेम अर्धा युनिट वीज. सुमारे १,३०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबते तेव्हा तिच्या गतीत साधारण ३५ वॉट-अवर ऊर्जा असते. जनरेटरने पाच सेकंद पूर्ण ताकदीने ओढले तरी १६ वॉट-अवर हाती लागते, बाकी ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाते. म्हणजे एका थांबण्यात बॅटरी तीनेक टक्के भरते, आणि निघताना तेवढीच खर्ची पडते. बॅटरी कधी तळाला जात नाही, कधी काठोकाठ भरत नाही. लिथियम सेलला असे उथळ भरणे-रिकामे होणे मानवते. त्यामुळे "सहा वर्षांची हायब्रिड, आता बॅटरी जाईल" ही भीती पूर्ण हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवरून उसनी घेतलेली आहे. इथे तिला फारसा आधार नाही. व्होल्टेजही डीसी ६० च्या आत असल्याने विजेचा तो जीवघेणा धोका नाही ज्यासाठी मोठ्या हायब्रिडमध्ये नारिंगी केबल आणि वेगळे प्रशिक्षण लागते. प्रवाह मात्र मोठा: ११.५ किलोवॉटला ४८ व्होल्टवर सुमारे २४० अँपिअर. सैल टर्मिनल म्हणजे ठिणगी आणि वितळलेले प्लास्टिक, म्हणून त्या वायरींना घरगुती हात लावू नये.

या मदतीचा इंजिनाला खरा फायदा होतो. कमी फेऱ्यांवर मोटर टॉर्क भरून काढते, म्हणून फोर्डला १५५ पीएसच्या आवृत्तीत मोठा टर्बो बसवून कॉम्प्रेशन कमी करता आले. टर्बो जागा होईपर्यंतची पोकळी मोटर झाकते. शिवाय छोटी टर्बो डायरेक्ट-इंजेक्शन इंजिने १,५०० फेऱ्यांवर पूर्ण दाबाने ओढायला लावली की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि त्यात पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटू शकते. नेमक्या त्याच कमी फेऱ्यांवर मोटर हातभार लावते.

त्याची किंमत अ‍ॅक्सेसरी बेल्ट मोजतो. साध्या अल्टरनेटरला बेल्ट एकाच दिशेने ओढतो आणि भार दोनेक किलोवॉटचा. इथे इंजिन मोटरला फिरवते आणि मोटरही इंजिनाला फिरवते. बेल्टची ताणलेली आणि सैल बाजू दर वेळी अदलाबदल करते, भार पाचपट, आणि प्रत्येक सिग्नलला एक नवा स्टार्ट. म्हणून त्याचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) दोन्ही बाजूंनी काम करणारा असतो आणि तो झिजतो. सकाळी चिवचिवाट, पुलीभोवती काळी रबराची भुकटी, सिग्नलवरून पुन्हा सुरू होताना हलका झटका ही त्याची लक्षणे. बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही एकदम बदलावेत. नुसता बेल्ट बदलला तर चिवचिवाट परत येतोच.

आता आपल्या पुमाची पहिली तक्रार. स्टार्ट-स्टॉप चालत नाही. संशय ४८ व्होल्टच्या बॅटरीवर जातो, पण आधी पाहायची ती १२ व्होल्टची साधी बॅटरी. सहा वर्षांनी तिची क्षमता ढासळलेली असते. गाडीचे व्यवस्थापन ते ओळखते आणि जोखीम नको म्हणून इंजिन बंद करणेच थांबवते. लोड टेस्टरवर तपासायची, नापास झाली तर मूळ प्रकारचीच नवी घालायची, आणि निदान सॉफ्टवेअरमधून बॅटरी बदलल्याची नोंद करायची. ही नोंद राहून गेली की गाडी नव्या बॅटरीलाही जुनीच समजते, तक्रार तशीच राहते, आणि मग कुणीतरी हजार पौंडांचा स्टार्टर-जनरेटर बदलायचा सल्ला देतो. संदेश त्यानंतरही राहिला तर बॉनेटचा स्विच, सीटबेल्टचे सेन्सर आणि बाहेरचे तापमान हे पाहून मग ४८ व्होल्टच्या बाजूचे बिघाडाचे कोड वाचावेत. पहिल्या तक्रारीचा निकाल बहुतेक वेळा एका दुपारी लागतो.

दुसरी तक्रार, आणि तिचे वजन

तेलाचा दिवा उशिरा विझणे. दोन-तीन सेकंदांचा उशीर कानामागे टाकण्यासारखा वाटतो, पण या इंजिनात त्याचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ऑइल पंपाचा बेल्ट दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी दगा देतो आणि त्या दोन्हींचा वेग वेगळा.

पहिली तऱ्हा हळू. बेल्टचे रबर आणि दातांवरचे कापड तेलात भिजून फुगते, मऊ होते, कडा तुटायला लागतात. हे तुकडे खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्यात पडतात आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी झाकत जाते तसा पंपाला तेल खेचायला त्रास होतो. थंडीत तेल घट्ट असते, त्यामुळे पहिली लक्षणे सकाळीच दिसतात: दिवा उशिरा विझणे, सुरुवातीला वरून खडखड. पुढे चढावर किंवा वळणावर दिवा लुकलुकतो. सगळ्यात आधी टर्बोचे बेअरिंग जाते, कारण एवढ्या फेऱ्यांवर ते तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. मग क्रँकची बेअरिंगे.

दुसरी तऱ्हा अचानक. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने १.० लिटरच्या १,३९,७३० गाड्या परत बोलावल्या: २०१६ ते २०१८ च्या फोकस आणि २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट. कारण ऑइल पंपाच्या बेल्टचा टेन्शनर. त्याचा हात तुटून पाठीमागच्या पत्र्यापासून सुटू शकतो, किंवा बेल्टचे दात झडू शकतात. तेलाचा दाब जातो, चालत्या गाडीत इंजिन सीझ म्हणजे जाम होऊ शकते आणि ब्रेक हलका करणारी व्हॅक्यूमची मदतही जाते. अमेरिकेत विकलेल्या त्या इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यात बनलेल्या होत्या. हे रिकॉल पुमाच्या हायब्रिड इंजिनाचे नव्हते. पण पंप बेल्टने चालवण्याची रचना तीच आहे, आणि त्यातून कळते ते महत्त्वाचे: दोष नेहमी रबराचा नसतो. "तेल वेळेवर बदललं होतं" एवढ्याने टेन्शनरची हमी मिळत नाही. बेल्ट बदलताना टेन्शनर जुनाच ठेवून पन्नास पौंड वाचवणारे गॅरेज मालकाचे नुकसान करते.

आता रबर का खराब होते याकडे जरा थांबून पाहू, कारण रोखण्यासारखा भाग तोच आहे.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडते. इंजिन थंड असताना त्यातले काही थंड भिंतीवर चिकटते, रिंगांच्या कडेने खाली उतरते आणि तेलात मिसळते. लांबच्या प्रवासात तेल नव्वद अंशांच्या वर तापते आणि हे पेट्रोल वाफ होऊन निघून जाते. पण मुलांना शाळेत सोडून तीन मैलांवर परत येणे, हिवाळ्यात रोज, म्हणजे तेल कधीच पुरेसे तापत नाही. तापमानाचा काटा पाच मिनिटांत मध्यावर येतो, पण तो पाण्याचा. तेल त्यापेक्षा कितीतरी मागे असते. आणि हायब्रिडमध्ये भर अशी, की गाडी थांबायला आली की इंजिन बंद, म्हणजे तापायला मिळणारा वेळ आणखी कमी. पेट्रोल मिसळलेले तेल पातळ होते, आणि पेट्रोल रबराला फुगवते. अशा गाडीत डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. मालकाला वाटते इंजिन तेल खात नाही, किती छान. ती पातळी खरे तर पेट्रोलची आहे.

दुसरे कारण तेलाची निवड. पहिल्या पिढीला फोर्डने ५डब्ल्यू-२० ग्रेडचे, डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी या मानकाचे तेल सांगितले. हायब्रिडच्या मॅन्युअलमध्ये जे मानक छापले आहे ते अक्षरशः तेच हवे; डब्यावर नुसता ग्रेड जुळणे पुरेसे नाही. कारण ग्रेड फक्त घट्टपणा सांगतो, तेलातली रसायने त्या रबराला चालतात की नाही हे मानक सांगते. "जरा जाड घालू, इंजिन जुनं आहे" असे म्हणून १०डब्ल्यू-४० ओतणे किंवा तेल बदलण्याआधी इंजिन आतून धुणारे फ्लश टाकणे या दोन सवयी इथे सोडाव्या लागतात. फ्लशमधले सॉल्व्हंट चिकटा विरघळवते तसे ते रबरालाही लागते, आणि सुटलेली सगळी घाण एकदम जाळीवर येते.

तपासणी कशी करायची

सुरुवात कागदांपासून. प्रत्येक तेल बदलाची तारीख, मैल आणि बिलावर तेलाचे मानक. नुसता "फुल सर्व्हिस" असा शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. आपल्या पुमातले दोन वर्षांचे अंतर कंपनीच्या लांब वेळापत्रकात बसत असेलही, पण छोट्या अंतरांवर चाललेल्या गाडीसाठी ते फार होते. याच वेळी चेसिस नंबर देऊन फोर्डच्या पार्ट काउंटरवरून ऑइल पंपाची ड्राइव्ह नेमकी कोणती आहे आणि कुठले रिकॉल बाकी आहे का, हे लेखी मागावे. मॉडेल वर्षावरून अंदाज बांधू नये.

मग गाडी पूर्ण थंड असताना पाहायला जावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. इथे भीड बाळगायची नाही. डिपस्टिक काढून पातळी पाहावी, तेल बोटावर घेऊन वास घ्यावा. पेट्रोलचा उग्र वास आला तर तेल किती मैलांपूर्वी बदलले ते विचारावे. मग फोनवर व्हिडिओ लावून सुरू करावे आणि लाल दिवा किती सेकंदांत विझतो ते मोजावे. एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या सकाळी.

ब्रेकची चाचणी सोपी आहे आणि बहुतेक जण करत नाहीत. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, घट्ट झाल्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल लगेच थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही किंवा उशिरा गेले तर व्हॅक्यूमच्या बाजूला काहीतरी आहे.

स्कॅनरवर सगळी युनिट वाचावीत. फोर्डसाठी फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर आणि चांगला अ‍ॅडॉप्टर पुरतो. पी०५२४ म्हणजे तेलाचा दाब फार कमी. पी०६डीडी म्हणजे तेलाच्या दाबाचे नियंत्रण करणारा भाग अडकलेला. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा, पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमची जुळणी बिघडलेली. एकही कोड नसणे हे समाधानकारक नाही, कारण विकण्याआधी कोड पुसणे ही एका मिनिटाची गोष्ट आहे. "शेवटचे कोड पुसल्यापासून किती मैल" हा आकडा स्कॅनरमध्ये दिसतो, तो पाहावा. ६२,००० मैलांच्या गाडीत तिथे ११ मैल दिसले तर बोलणी तिथेच थांबवावी.

कूलंटची पातळीही पाहून घ्यावी. २०११ ते २०१३ च्या फोकसमध्ये या घराण्याच्या इंजिनाची एक नायलॉनची पाण्याची नळी तुटून इंजिने तापली होती. नव्या रचनेत ती अडचण तशी नाही, पण मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेले इंजिन एकदा तापले की नुकसान मोठे, म्हणून टाकीभोवती वाळलेल्या कूलंटचे डाग शोधणे फुकट पडत नाही.

इथवर विकणाऱ्याची परवानगी लागत नाही. पुढच्या दोन गोष्टींना लागते, आणि दुसऱ्या तक्रारीमुळे त्या आवश्यक आहेत. एक, तेल आणि फिल्टर आपल्या खर्चाने बदलून जुना फिल्टर कापून उघडणे. घडीदार कागद उलगडून पांढऱ्या कापडावर पिळायचा. चमकणारी धूळ म्हणजे बेअरिंगचा धातू. काळे, दाबल्यावर चिवट लागणारे कण आणि बारीक धागे म्हणजे बेल्ट. कार्बनचा कण बोटात चिरडला जातो, रबराचा नाही. ओळखायची खूण ही. दोन, तेलाच्या दाबाच्या सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावून थंड आणि पूर्ण गरम अशा दोन्ही अवस्थांत दाब मोजणे आणि वर्कशॉप मॅन्युअलशी ताडणे. पंप बदलत्या दाबाचा असल्याने आयडलवरचा एकच आकडा पाहून निर्णय होत नाही, फेऱ्या वाढवून वाचावे लागते. कधीकधी सेन्सरच खराब निघतो आणि दाब उत्तम असतो; ते कळायलाही गेजच हवा.

आणि बेल्ट डोळ्यांनी पाहणे? काही इंजिनांत तेल ओतायच्या झाकणातून बेल्ट दिसतो, त्याची रुंदीही मोजता येते. इथला पंपाचा बेल्ट पुढच्या कव्हरच्या आत खाली दडलेला आहे. त्यामुळे "झाकण उघडून पाहिलं, बेल्ट चांगला आहे" असे कुणी म्हटले तर त्याने दुसरेच काहीतरी पाहिले आहे.

तीन निकाल

फिल्टर स्वच्छ, दाब मॅन्युअलप्रमाणे, कोड नाहीत: उशीर सेन्सरचा किंवा चुकीच्या फिल्टरचा असू शकतो. फिल्टरमधला उलट-वाहू न देणारा वाल्व गळका असेल तर रात्री तेल उतरून जाते आणि सकाळी दिवा रेंगाळतो. मूळ फिल्टर घालून पुन्हा मोजावे. अशी गाडी घ्यायला हरकत नाही, पण पंपाच्या बेल्टचा खर्च किमतीतून वजा मागूनच. छापील मुदतीची वाट पाहू नये, आमच्या मते छोट्या अंतरांवर चाललेल्या गाडीत सात-आठ वर्षांत तो बदललेला बरा.

फिल्टरमध्ये रबर, पण धातू नाही आणि दाब अजून मर्यादेत: गाडी तिथून चालवत नेऊ नये. चेंबर उतरवून जाळी पाहावी, बेल्ट आणि टेन्शनर बदलावा. काम सोपे नाही. इंजिनाला आधार देऊन एका बाजूचे माउंटिंग सोडवावे लागते, क्रँकची पुली आणि पुढचे कव्हर निघते. या क्रँकला चावीची खाच नाही. पुली आणि दात्याची चाके फक्त बोल्टच्या आवळणीने धरलेली असतात. म्हणजे पंपाच्या बेल्टसाठी पुलीचा बोल्ट सोडला की कॅमच्या साखळीचे टायमिंगही मोकळे होते. क्रँक आणि कॅम लॉक करायची फोर्डची हत्यारे नसलेल्या गॅरेजने खडूच्या खुणा करून हे काम करू नये; पिस्टन आणि वाल्व भेटले की बिल इंजिनाएवढे होते. क्रँकचा बोल्ट एकदाच वापरायचा, ताणून बसणारा आहे, तो नवाच हवा. पुढचे ऑइल सील नवे, कव्हर आणि चेंबरला सांगितलेलाच सीलंट, तोही बेताने, कारण आत ओघळलेला सीलंट तुटून पुन्हा त्याच जाळीवर बसतो. जाळीसकट पिकप पाइप धुण्यापेक्षा नवा घालणे स्वस्त. ब्रिटनमध्ये स्वतंत्र गॅरेजमध्ये हे हजार पौंडांच्या अल्याडपल्याड जाते. काम झाल्यावर पहिले तेल आणि फिल्टर ५०० ते १,००० मैलांतच बदलून पुन्हा फिल्टर कापून पाहावा; मागे राहिलेले तुकडे त्यातच सापडतात.

फिल्टरमध्ये धातूची चमक, किंवा मालक सांगतो की दिवा लागलेला असताना "घरापर्यंत आणली": सोडून द्यावी. बेल्ट बदलून दाब परत येतो, पण खरवडलेले बेअरिंग परत येत नाही.

गाडी आधीच आपली असेल आणि चालताना लाल दिवा लागला, तर क्लच दाबून, सुरक्षित जागी घेऊन, लगेच इंजिन बंद. इंजिन बंद झाल्यावर ब्रेक एक-दोनदाच हलका लागेल, मग पेडल दगडासारखे होते. पाय जोरात द्यावा लागेल हे लक्षात ठेवावे. पातळी पाहावी. पातळी बरोबर असून दिवा लागला असेल तर पुन्हा सुरू करून "बघू" म्हणायचे नाही. टो करून न्यावी. जंप स्टार्टची वेळ आली तर फक्त १२ व्होल्टच्या ठरवून दिलेल्या टोकांवर.

महाराष्ट्रातल्या इकोस्पोर्टवाल्यांसाठी

पुमा भारतात विकली गेली नाही, पण तिच्या इंजिनाचा थोरला भाऊ आपल्याकडे आहे. जून २०१३ पासून आलेल्या इकोस्पोर्टमध्ये १.० इकोबूस्ट १२५ पीएसचा पर्याय होता. तो हायब्रिड नाही, आणि पहिल्या पिढीचा आहे, म्हणजे कॅमचा आणि पंपाचा दोन्ही बेल्ट तेलातले. २०१३-१४ च्या गाड्यांची दहा वर्षे उलटून गेली आहेत. फिरणे ६०,००० किलोमीटरच झाले असले तरी वयाची मुदत संपली आहे, आणि "गाडी कमी चालली आहे" हे इथे जमेची बाजू नसून उलट चिंतेची आहे: पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी भरतात, इंजिनाचे तास भरपूर. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केल्यावर अनेक गाड्या शेजारच्या गॅरेजकडे वळल्या, आणि तिथे समोर असेल ते ५डब्ल्यू-३० घातले गेले. अशा गाडीत बेल्टचा पूर्ण संच, दोन्ही टेन्शनर आणि लॉकिंग हत्यारे असलेला मेकॅनिक हे तिन्ही आधी जुळवावे, मगच गाडी उघडायला द्यावी. उघडून ठेवलेल्या इंजिनाला पार्टची वाट पाहायला लावली की धूळ आत जाते, आणि या इंजिनाला जाळीवर आणखी काही नको आहे.